दाढ, आई आणि क्ष-किरण

दाढदुखी नेहमी सबमिशनच्या आठवड्यातच का सुरू होते, यावर खरं म्हणजे कोणीतरी फायनल इयरचं प्रोजेक्ट करायला हवं. माझी तरी तेव्हाच सुरू झाली. पाचवं सेमिस्टर, मशीन डिझाइनच्या शीट्स अर्ध्या कोऱ्या, आणि डाव्या जबड्यात कोणीतरी ड्रिल लावून बसलंय अशी कळ. गंमत म्हणजे नेमकी कुठली दाढ दुखतेय हेच कळेना. कधी वाटायचं खालची, कधी वरची, कधी थेट कानच. हॉस्टेलवर अशा वेळी जे जे होतं ते सगळं झालं. शेजारच्या खोलीतून लवंगेचं तेल आलं, मेसच्या काकांनी मिठाच्या गुळण्या सांगितल्या, एका सीनियरने दोन गोळ्या दिल्या (कसल्या ते त्यालाही माहीत नव्हतं). शेवटी कॉलेजजवळच्या एका डेंटिस्टकडे गेलो. त्यांनी आरसा घालून पाहिलं, दातांवर टकटक केलं आणि म्हणाले, "वरून काही दिसत नाही. एक एक्स-रे काढूया."

मी म्हटलं, घरी विचारून सांगतो. इथेच चुकलो.

आमचं घर माहीमला. मुंबईतलं माहीम नव्हे. पालघर स्टेशनला उतरून पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला गेलं की लागतं ते, केळवे-माहीममधलं. (हे दरवर्षी नव्या रूममेटला नव्याने सांगावं लागतं.) पानवेलीच्या आणि केळीच्या वाड्या, पलीकडे समुद्र, आणि उत्तरेला सरळ रेषेत वीसेक किलोमीटरवर तारापूरचं अणुऊर्जा केंद्र. ते १९६९ साली सुरू झालं, म्हणजे आईच्या जन्माच्याही आधी. त्यामुळे 'किरणं' हा शब्द तिने पाळण्यातच ऐकला असणार. आमच्याकडे आंब्याला मोहर कमी आला, कोणाचे केस लवकर पिकले, तरी बोलता बोलता कोणीतरी उत्तरेकडे हात दाखवतं. तेव्हा फोनवर आईचं उत्तर ठरलेलं होतं. "डोक्याच्या एवढं जवळ किरणं? काही नको. गोळ्या घे, सुट्टीत घरी ये, मग बघू."

मी गोळ्या घेतल्या. आणि मंडळी, दहा-बारा दिवसांत दाढ चक्क थांबली! थंड पाणी लागेना, गरम चहा लागेना, काही नाही. आई जिंकली, लवंग जिंकली, सीनियरसुद्धा जिंकला. दोन महिने मजेत गेले. मग एका सकाळी उठलो तर डावा गाल लिंबाएवढा सुजलेला, तोंड दोन बोटांच्या वर उघडेना. त्याच दिवशी दुपारी विरारहून डहाणू लोकल पकडली.

घरी त्या संध्याकाळी मामा आलेला होता. मामा तारापूरला मेंटेनन्समध्ये कामाला आहे. कामाच्या जागी त्याच्या छातीवर एक बिल्ला असतो, त्याला टीएलडी बॅज म्हणतात. लहानपणी मला तो रेल्वेच्या पाससारखा काहीतरी वाटायचा. प्रत्यक्षात त्यात कॅल्शियम सल्फेटच्या छोट्या चकत्या असतात आणि त्या सल्फेटमध्ये डिस्प्रोसियम या मूलद्रव्याचा किंचित अंश मिसळलेला असतो. किरण पडले की त्यांची थोडी ऊर्जा त्या स्फटिकात अडकून बसते. पुढे प्रयोगशाळेत चकती तापवली की ती ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर येते. जितका प्रकाश, तितका डोस. म्हणजे माझ्या मामाच्या अंगावर किती किरण पडले याचा हिशेब सरकारदरबारी लिहिलेला असतो. आमच्या घरात किरणांविषयी अंदाजाने न बोलणारा तो एकटाच.

आईने त्याच्यासमोर तेच सुरू केलं. मामाने कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं, दुधाच्या हिशेबाखालची कोरी जागा शोधली आणि लिहायला बसला.

शरीरावरचा किरणांचा परिणाम सिव्हर्ट या एककात मोजतात. एक सिव्हर्ट फार मोठा, म्हणून त्याचा हजारावा भाग मिलिसिव्हर्ट आणि दहा लाखावा भाग मायक्रोसिव्हर्ट. आपण कुठेही न जाता, काहीही न करता जगलो तरी जमिनीतून, हवेतल्या रेडॉनमधून, आकाशातून, आपल्याच शरीरातल्या पोटॅशियममधून किरण मिळत राहतात. जगाची सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट. भागाकार केला की दिवसाला साडेसहा मायक्रोसिव्हर्टच्या आसपास. आणि दाताचा एक छोटा डिजिटल एक्स-रे? यंत्रानुसार कमीजास्त होतो, पण साधारण पाच मायक्रोसिव्हर्ट धरा.

"म्हणजे हा पोरगा आज दिवसभर नुसता ओटीवर बसला तरी तेवढा डोस त्याला मिळणारच," मामा म्हणाला. "काय नाय होत."

आई म्हणाली, "पण ती किरणं तोंडात राहतात ना?"

हा प्रश्न मी नंतर हॉस्टेलवर इंजिनिअरिंगच्या पोरांकडूनही ऐकला आहे, त्यामुळे आईला हसू नका. किरणोत्सारी पदार्थ वेगळा आणि एक्स-रेचं यंत्र वेगळं. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० सापडलं होतं, त्यात माणसं भाजली, एक जण दगावला. ते कोबाल्ट दिवसरात्र आपोआप किरण सोडत होतं, त्याला बंद करायचं बटणच नव्हतं. दाताच्या यंत्रात असं काही भरलेलं नसतं. वीज दिली तर किरण, वीज बंद तर किरण बंद. मामाने भिंतीवरचं बटण दाबून ओटीवरचा दिवा बंद केला. "आता उजेड कुठे राहिला, सांग." आई काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर पालघरला आली.

पालघरच्या मॅडमनी आधी सूज उतरायचं औषध चालू केलं आणि मग खुर्चीवर बसवून छोटा एक्स-रे काढला. भिंतीवरच्या हाताला लावलेलं यंत्र असतं, त्याला नळकांड्यासारखं तोंड. आत निर्वात नळी. एका बाजूला तापलेली तार इलेक्ट्रॉन सोडते, साठ-सत्तर हजार व्होल्टच्या ओढीने ते पलीकडच्या टंगस्टनवर आदळतात आणि जागच्या जागी थांबतात. त्या थांबण्यात जी ऊर्जा सुटते तिचा नव्याण्णव टक्के भाग नुसती उष्णता होतो आणि जेमतेम एक टक्का क्ष-किरण. (आपल्या थर्मलच्या सरांना ही एफिशियन्सी दाखवायला हवी.) वाटेत ॲल्युमिनियमची चकती असते, ती कमी ऊर्जेचे, म्हणजे गालातच जिरून जाणारे निरुपयोगी किरण गाळून टाकते. तोंडात दाढेच्या आतल्या बाजूला सेन्सर धरलेला असतो. पूर्वी तिथे पाकिटातली फिल्म असायची, अजूनही काही ठिकाणी असते. सेन्सरची पद्धत १९८७ साली फ्रान्समधून आली. बटण दाबलं, सेकंदाच्या काही दशांशात 'टूंऽ' झालं, आणि मॅडमच्या कॉम्प्युटरवर माझी दाढ.

ही सावली आहे, एवढं डोक्यात ठेवलं की एक्स-रे वाचता येतो. किरण जिथे अडले तिथे पांढरं, जिथून आरपार गेले तिथे काळं. कोण किती अडवणार हे मुख्यतः त्यातल्या अणूंवर ठरतं. या ऊर्जेला किरण शोषण्याची ताकद अणुक्रमांकाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. मांसात कार्बन, ऑक्सिजन वगैरे, म्हणजे सहा-आठ क्रमांकाची मंडळी. दातात कॅल्शियम, क्रमांक वीस. वीस भागिले आठ, त्याचा घन, जवळजवळ सोळा! दाताचं वरचं कवच, एनॅमल, वजनाने ९६ टक्क्यांच्या आसपास खनिज असतं, म्हणून ते सगळ्यात पांढरं. आतलं डेंटिन सत्तर टक्के, म्हणून करडं. मधली नस मऊ, म्हणून काळी रेघ. मुळांभोवती केसाएवढी काळी किनार दिसते. तिथे दाताला हाडाशी बांधणारे तंतू असतात, दात हाडात थेट रोवलेला नसतोच. आणि त्या किनारीला लागून हाडाची बारीक पांढरी रेघ. या दोन रेघा मुळाच्या टोकाभोवती सलग आहेत की तुटल्या आहेत, हे डेंटिस्ट आधी बघतात.

मेकॅनिकलवाल्यांना हे परकं वाटू नये. वेल्डिंगच्या जोडाची रेडिओग्राफी आपण एनडीटीमध्ये शिकतोच. जोडात पोकळी राहिली की फिल्मवर काळा डाग येतो. कीड म्हणजे दाताच्या वेल्डमधली पोकळी. जिथलं खनिज ॲसिडने विरघळलं, तिथे काळं.

माझ्या चित्रात असं दिसलं. शेवटून दुसरी दाढ उभी, व्यवस्थित. तिच्या मागे अक्कलदाढ, हाडात अर्धी पुरलेली आणि चक्क आडवी कललेली, पुढच्या दाढेच्या पाठीला डोकं टेकून झोपलेली. या दोघींच्या सांध्यात अन्न अडकत होतं, जिथे ब्रश जाणं शक्यच नव्हतं. आणि त्या ठिकाणी चांगल्या दाढेच्या पाठीत चमच्याने खरवडल्यासारखा काळा खड्डा, थेट नसेपर्यंत. मुळाच्या टोकाशी पांढरी रेघ तुटलेली, तिथे मसुराएवढा काळा डाग.

"मध्ये दुखणं थांबलं होतं ना?" मॅडमनी विचारलं.

"हो, बरं वाटलं होतं."

"बरं नव्हतं वाटलं. नस मेली होती."

मेलेली नस दुखत नाही. जंतू मात्र तिच्या वाटेने खाली उतरत राहिले आणि मुळाशी हाड खात बसले. दोन महिन्यांपूर्वी पाहिलं असतं तर कदाचित नस वाचवून नुसतं सिमेंट भरता आलं असतं, असं मॅडम म्हणाल्या. कदाचित म्हणाल्या, नक्की नाही. आई शेजारीच उभी होती. ती स्क्रीनकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र सावध करतो, कारण हॉस्टेलवर आता 'एक्स-रे काढला की सगळं कळतं' असा उलटा पंथ निघायला नको. कीड एक्स-रेवर दिसायला तिथलं तीस-चाळीस टक्के खनिज आधी गेलेलं असावं लागतं. अगदी सुरुवातीची कीड त्यात दिसतच नाही. तसंच मुळाशी पू होऊन ठणका लागला असला तरी पहिल्या काही दिवसांत चित्र साफ असू शकतं, कारण हाड अजून पुरेसं झिजलेलं नसतं. हिरड्या सुजल्या आहेत का हे एक्स-रे सांगत नाही, खालचं हाड किती झिजलं एवढंच सांगतो. (माझ्या आजीने पन्नास वर्षं आमच्याच वाडीचं पान, चुना-तंबाखू लावून खाल्लं. तिचा एक्स-रे बघितला तर दात धड आहेत आणि खालचं हाडच निम्मं गायब.) शिवाय डोळे फसवतात ते वेगळंच. एनॅमल संपतं त्या दाताच्या मानेपाशी किरण जास्त आरपार जातात, आणि गडद-फिक्याच्या सीमेवर आपल्या डोळ्याला नसलेली काळी पट्टीही दिसते, त्यामुळे धडधाकट दाताला कीड लागल्यासारखी वाटते. या पट्ट्यांना माख पट्ट्या म्हणतात. अर्न्स्ट माख, आपल्या फ्लुइड मेकॅनिक्समधल्या 'मॅक नंबर'वालाच! म्हणून चांगला डॉक्टर आधी तोंडात बघतो, टकटक करतो, थंड लावून बघतो, आणि मग चित्राशी ताडून पाहतो. नुसत्या चित्रावरून दात कोरायला घेणाऱ्याकडून उठून यावं असं माझं मत आहे.

दुसरी मर्यादा म्हणजे ही सपाट सावली आहे. दोन मुळं एकामागे एक असली तर एकच दिसतं. खालच्या अक्कलदाढेच्या मुळांजवळून जबड्यातली मोठी नस एका बोगद्यातून जाते. ती दुखावली तर ओठ आणि हनुवटी बधिर होते, बहुतेकदा काही काळ, क्वचित कायमची. बोगदा मुळाच्या आतल्या बाजूने जातो की बाहेरच्या, हे एका सावलीत कसं कळणार? यावरची युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे आणि ती आपल्याला लोकलच्या खिडकीत रोज दिसते. सफाळे सोडल्यावर खिडकीतून बघा. रुळाजवळचे खांब उलट्या दिशेने पळतात, लांबचे डोंगर मात्र आपल्याबरोबर चालल्यासारखे वाटतात. एक्स-रेचं नळकांडं थोडं सरकवून दुसरं चित्र काढायचं. नळकांड्याच्या दिशेने सरकलं ते जिभेच्या बाजूचं, उलट सरकलं ते गालाच्या बाजूचं. इतकं साधं. आपण ग्राफिक्समध्ये दोन व्ह्यू काढतो, त्यातलीच गोष्ट.

माझ्यासाठी मॅडमनी ओपीजीही काढायला पाठवलं. यात यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि दोन्ही जबडे एका लांब पट्टीत उलगडून दाखवतं. अक्कलदाढ काढायची तर हे लागतंच. डोस दहा ते पंचवीस मायक्रोसिव्हर्टच्या घरात. त्यात बोगद्याच्या दोन्ही पांढऱ्या कडा मुळाजवळून सलग जाताना दिसल्या, मध्ये तुटल्या नव्हत्या, मुळावर काळसर पट्टाही नव्हता. तसं दिसलं असतं तर त्रिमितीय स्कॅन करावा लागला असता, त्याचा डोस कित्येक पट जास्त, कधी शेकड्यांत. सगळ्यांनाच सरसकट तो कशाला? लागेल तेव्हाच.

आता आईच्या बाजूने थोडं. तिची भीती चुकीच्या ठिकाणी होती, पण निराधार नव्हती. राँटगेनने १८९५च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले आणि दोन-अडीच महिन्यांत, जानेवारी १८९६ मध्ये, जर्मनीतल्या वॉल्कहॉफ या डेंटिस्टने स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला. पंचवीस मिनिटं न हलता! अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सचा डेंटिस्ट एडमंड केल्स हा या कामातला आद्य माणूस. तो वर्षानुवर्षं रोग्याच्या तोंडातली फिल्म स्वतःच्या बोटांनी धरायचा, यंत्र जुळवायला स्वतःचाच हात किरणांत घालायचा. आधी बोटं गेली, मग हात, कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रिया झाल्या, आणि १९२८ साली त्याने जीवन संपवलं. रोगी एकदा येऊन जातो. डॉक्टर मात्र रोज तिथेच उभा असतो. म्हणून बटण दाबताना डॉक्टर बाहेर पडतात किंवा सहा फूट लांब उभे राहतात. 'आमच्यावर किरण सोडून स्वतः पळतात' असं आमच्या विंगमध्ये एकाने म्हटलं होतं, त्याचं उत्तर हे. अंतर दुप्पट, डोस चौथाई, फिजिक्सच्या पहिल्याच वर्षाचा नियम.

किरणांवर काम करणाऱ्याला वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे, सामान्य माणसाला १ मिलिसिव्हर्टची. पण गंमत अशी की औषधोपचारासाठी काढलेल्या एक्स-रेला ही मर्यादा लागू नाही, कारण त्यात फायदा त्याच माणसाचा असतो. मर्यादा नाही, म्हणूनच प्रत्येक वेळी 'हा कशासाठी?' असं विचारलं पाहिजे. आपल्याकडे एका मित्राचा ओपीजी महिन्याभरात दोनदा निघाला, कारण पहिल्या ठिकाणी त्याने कॉपीच मागितली नव्हती. असला डोस कितीही छोटा असला तरी फुकटचा. एक्स-रे तुमचा असतो. मागून घ्या, फाइल असेल तर मेलवर ठेवा. दाताची एक्स-रे यंत्रंसुद्धा अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंदवावी लागतात. १९८३ साली स्थापन झालेलं हेच मंडळ तारापूरवरही लक्ष ठेवतं. हे मामाने सांगितलं तेव्हा आईला जरा बरं वाटलेलं दिसलं. एप्रनचं म्हणाल तर आईने तो माझ्यावर दोनदा नीट करून घातला. २०२४ साली अमेरिकन डेंटल असोसिएशनने सांगितलं की आताच्या यंत्रांत शिशाच्या एप्रनची आणि गळपट्ट्याची गरज नाही, किरणांचा झोत नेमका दाताएवढाच आखणं जास्त महत्त्वाचं. मी हे आईला अजून सांगितलेलं नाही.

अक्कलदाढ निघाली. तीन टाके, चार दिवस भाताची पेज. पुढच्या दाढेचं रूट कॅनाल झालं, त्यात कालवा किती खोल आहे ते मोजायला आणि शेवटी नीट भरला का ते बघायला मिळून आणखी चार छोटे एक्स-रे निघाले. एकूण पाच छोटे आणि एक ओपीजी. मामाच्या पद्धतीने जमवलं तर पंचेचाळीसच्या आसपास मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे माहीमला आठवडाभर ओटीवर बसण्याइतके.

दाढ पूर्ण वाचली की नाही हे मात्र आज सांगता येत नाही. मुळाशी गेलेलं हाड पुन्हा भरतं, पण हळूहळू, आणि ते भरतंय की नाही हे कळायला दुखण्याचा उपयोग नाही, कारण त्या दाढेत आता दुखायला काही उरलेलंच नाही. सहा महिन्यांनी काढलेला एक्स-रे मॅडमनी पहिल्या चित्राशेजारी ठेवून दाखवला. मसुराचा डाग आता मोहरीपेक्षा थोडा मोठा. पुढची तारीख दिवाळीच्या सुट्टीत आहे. आई या वेळी बरोबर येणार म्हणते. गेले काही दिवस तिलाही वरची एक दाढ थंड लागतेय, आणि मामाला तिने आधीच विचारून ठेवलंय की वरच्या दाढेला खालच्या दाढेपेक्षा जास्त किरणं लागतात का.